दोन बोटं माया

शिंपीमास्तरांच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, मापं राहत. रस्त्यात कुणी हाक मारली की ते आधी त्याच्या खांद्याकडे बघत, मग कमरेकडे, आणि मग म्हणत, "अरे, चाळीस-छत्तीस! किती दिवसांनी." चेहरा त्यांना सगळ्यांत शेवटी ओळखू येई. लग्नाच्या दिवशीसुद्धा ह्यांनी माझ्या तोंडाआधी बाहीकडे बघितलं, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगायची. मास्तर ते नाकारत नसत. बाही खरंच अर्धा इंच लांब होती.

दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर. एक पायमशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला माणसाएवढा आरसा आणि आरशासमोर एक उंच लाकडी स्टूल. हे स्टूल मास्तरांच्या वडिलांच्या वेळी नव्हतं. वडील पँटची उंची घ्यायला गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवे बसत आणि टेप तोंडात धरून उठत. मास्तरही आधी तसंच करायचे. पण वजन एकशे बेचाळीस किलोवर गेल्यावर एकदा ते खाली बसले ते बसलेच. गिऱ्हाइकाने एका काखेत हात घातला, शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने दुसऱ्या, आणि दोघांनी त्यांना कपाट उचलावं तसं उभं केलं. दुसऱ्या दिवशी स्टूल आलं. आता गिऱ्हाइकालाच वर चढवायचं, म्हणजे आपल्याला वाकायला नको. लोकांना वाटलं, ही नवी पद्धत असेल. बायकोला काय वाटलं ते तिने लगेच सांगितलं. आणखी दहा किलो वाढले की गिऱ्हाइकाला शिडीवर चढवणार का, असं तिने विचारलं.

मास्तर हसले, पण त्यांच्या स्वतःच्या पँटची गोष्ट त्यांना ठाऊक होती. कपडा शिवताना शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवतात. शिंपी त्याला माया म्हणतात. माणूस रुंदावला की शिवण उसवायची आणि मायेतलं थोडं कापड बाहेर सोडायचं. वडिलांनी मास्तरांना कात्री हातात द्यायच्या आधी माया ठेवायला शिकवलं होतं. मास्तर दर वर्षी आपल्या पँटची माया सोडत आले होते, आणि त्या वर्षी सोडायला काही उरलं नव्हतं. गुडघे बोलत होते, जिना चढताना छाती धपापत होती, आणि डॉक्टर दोन वर्षांपासून एकच गोष्ट सांगत होते. मास्तरांनी शेवटी होकार दिला आणि पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. मास्तर मात्र तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले. औषध मोजायच्या पेल्यात पाणी दिलं होतं आणि ते तासाभरात थोडं थोडं प्यायचं होतं. मास्तरांनी जन्मभराच्या सवयीने एका घोटात संपवलं, आणि छातीत गरम इस्त्री ठेवल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांनी पाण्याला तोंडच लावलं नाही. आपण उगाच चांगलं पोट बिघडवून घेतलं, असं ते भिंतीला सांगत होते. बायको शेजारी बसून उशीच्या अभ्र्याला टीप घालत होती, कारण हात रिकामे ठेवणं तिला जमत नसे.

तेवढ्यात हॉस्पिटलचा लिफ्टमन आत आला. उंच, सडपातळ, निळ्या गणवेशातला माणूस. आपणही दोन वर्षांपूर्वी याच खाटेवर होतो, एकशे छत्तीस किलोचे, असं त्याने सांगितलं. मास्तरांनी पहिल्यांदा मान वळवली. लिफ्टमनचं लक्ष बायकोच्या बोटाकडे गेलं. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ते पितळी टोपण, अंगुस्तान, तिच्या बोटात होतं. त्याने ते मागून घेतलं, गरम पाण्याने धुतलं, त्यात पाणी ओतलं आणि मास्तरांच्या ओठांपाशी धरलं.

"घोट म्हणजे एवढा," तो म्हणाला. "याच्याहून मोठा घेतलात तर मी तुम्हाला लिफ्टने नाही, जिन्याने घरी पाठवीन."

पाऊण तास तो तिथे बसला. एक अंगुस्तान, थोडा दम, पुन्हा एक अंगुस्तान. खाली लोक लिफ्टची घंटा वाजवत होते. लिफ्टमनने तिकडे कान दिला नाही. जाताना त्याने महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता तिसऱ्या मजल्यावर यायला सांगितलं. येताना स्वतःचा चमचा आणायचा, छोटा.

तिसऱ्या मजल्यावर व्यायामोपचाराची खोली होती. भिंतीला टेकवलेल्या निळ्या गाद्या, पायाने फिरवायची चाकं, आणि गोल मांडलेल्या बिनहाताच्या खुर्च्या. हाताच्या खुर्चीत अडकून बसणं काय असतं ते इथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून वॉर्डच्या सिस्टरने मुद्दाम तशा मागवल्या होत्या. सिस्टर गटाच्या प्रमुख. बाकी सगळे ऑपरेशन झालेले. सगळ्यांचा घास आता चहाच्या चमच्याएवढा, म्हणून बेकरीवाल्याने गटाला चमचा मंडळ नाव दिलं होतं. मोठमोठ्या साहेबांच्या मागेपुढे चमचे असतात, इथे सगळेच चमचे आणि साहेब कुणीच नाही, हा त्याचा ठरलेला विनोद. नव्या माणसापुढे तो हटकून करायचा, आणि जुने हटकून हसायचे.

बेकरीवाला स्वतः वीस वर्षं आपल्याच केकची चव बघत वाढलेला. पोस्टातल्या बाई पायी टपाल वाटायच्या, तरी वजन हलत नव्हतं म्हणून लोकांचे टोमणे ऐकून कंटाळलेल्या. ह्या तिघाचौघांनी मास्तरांना उभं केलं. तिसऱ्या महिन्यात कंगव्यात केसांचा पुंजका यायला लागला तेव्हा पोस्टातल्या बाईंनी आपला जुना फोटो दाखवला आणि केस परत येतात हे पटवलं. गोड खाल्ल्यावर घाम फुटून भोवळ आली तेव्हा बेकरीवाल्याने फोनवर धीर दिला. जेवताना पाणी नाही, घास वीस वेळा चावायचा, गोळ्या रोज घ्यायच्या, हे सिस्टर सांगायच्याच. पण कंटाळा आला तरी कसं करायचं ते चमच्यांकडूनच कळायचं.

मास्तरांनी त्याची परतफेड आपल्या पद्धतीने केली. सगळ्यांचे कपडे दर दोन महिन्यांनी ढगळ व्हायचे. मास्तर ते आत घ्यायचे. वर्ष सरताना बेकरीवाल्याने आपला पांढरा कोट दुकानातल्या टेबलावर टाकला आणि आतलं सगळं जास्तीचं कापड कापून टाकायला सांगितलं. परत जायचा रस्ताच बंद करून टाका, म्हणाला. मास्तर नको म्हणाले. माया ठेवायची असते.

"म्हणजे मी परत फुगणार असं तुम्हाला वाटतंय?" बेकरीवाल्याने विचारलं.

पोस्टातल्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मास्तरांचा आपल्यावर भरवसा नाही, स्वतःवर तरी आहे का विचारा.

नेमकं त्याच आठवड्यात मास्तर कितीतरी वर्षांनी गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवे बसले होते आणि कुणाचा हात न धरता उठले होते. चपलांचा दुकानदार धावत आला तोपर्यंत ते उभे राहून टेप गुंडाळत होते. स्टूल त्यांनी कोपऱ्यात ढकललं होतं आणि त्यावर धाग्यांची रिळं ठेवली होती. डोकं जरा हवेतच होतं. त्यांनी सगळ्यांत आधी स्वतःच्या पँटची माया कापली. मग बेकरीवाल्याचा कोट, मग पोस्टातल्या बाईंचा गणवेश, मग लिफ्टमनचं निळं जाकीट. कापलेल्या पट्ट्या हातभर लांब, वर रुंद आणि खाली निमुळत्या. मास्तर त्या टाकायला निघाले, पण बायकोने हातातून घेतल्या, पुरचुंड्या बांधल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावली आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरल्या. बेकरी, पोस्ट, लिफ्ट, आणि चौथ्या चिठ्ठीवर फक्त "आमचे".

पुढचे काही महिने मास्तर तरंगत होते. मग एका सकाळी पँटचं बटण लागेना.

बटण मोठं झालं असेल म्हणून त्यांनी बटण बदललं. काज आखडलं असेल म्हणून काज वाढवलं. धुण्याने कापड आटलं असेल म्हणून बायकोच्या धुण्यावर शंका घेतली आणि तिच्याकडून दोन शब्द ऐकून घेतले. शेवटी वजनाच्या काट्यावर उभे राहिले. साडेतीन किलो वाढलं होतं. काटा बिघडला असेल म्हणून औषधाच्या दुकानातल्या काट्यावर चढले. तिथे तीन किलो सहाशे.

त्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या गणवेशांची घाई आहे असा निरोप पाठवून मास्तर मंडळात गेले नाहीत. ज्यांच्यापुढे आपण कात्री चालवली, त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने जायचं? सदरा पँटबाहेर काढून ते मशीनवर बसून राहिले.

मंगळवारी दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना, बेकरीवाला आला. त्याने मागेपुढे बघितलं, दार लोटून घेतलं आणि पिशवीतून पांढरा कोट काढला. बटणं ताणली जात होती. थोडा ढिला करून द्या, म्हणाला, आणि मंडळात कुणाला बोलू नका. शनिवारी मी गेलोच नाही. भट्टी बिघडलीय असं कळवलं. मास्तरांनी मान डोलवली. गुरुवारी पोस्टातल्या बाई आल्या. त्यांनी दार लोटलं नाही, पण आवाज इतका खाली आणला की मास्तरांना दोनदा विचारावं लागलं. शनिवारी त्यांचा घसा बसला होता म्हणे. शुक्रवारी लिफ्टमन आला. त्याला हॉस्पिटल चुकवता येत नव्हतं, म्हणून शनिवारी त्याने दुसऱ्याशी पाळी बदलून घेतली होती.

मास्तर प्रत्येकाच्या कपड्याची शिवण उलटून बघत होते आणि प्रत्येक वेळी आत तेच दिसत होतं. माया नाही. त्यांनीच कापलेली.

त्यांना हसू येत होतं आणि बोलता येत नव्हतं. एका गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही, हा शिंप्याचा पहिला धर्म. डॉक्टरांनी पोट एवढंसं करून ठेवलेलं, त्यात चार जणांची गुपितं मावायची कशी? चौघेही मूग गिळून बसले होते. एरवी चमचाभर खाणाऱ्यांच्या पोटात मूग मात्र भरपूर मावत होते.

महिना संपत आला तेव्हा एका सोमवारी सिस्टर दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मंडळात एकच बाई आली होती, असं त्यांनी सांगितलं. नवीन. ग्रंथालयात काम करतात. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. नवा चमचा रुमालात गुंडाळून आणला होता. त्या आणि सिस्टर चार रिकाम्या खुर्च्यांमध्ये अर्धा तास बसल्या. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, पुढे काय होतं ते कळलं, शेवटी कुणी उरत नाही. तेव्हापासून त्यांचं पाणी पिणं कमी झालंय. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. सगळं ठीक आहे, नुसती धास्ती घेतलीय. माझं सांगणं त्यांना पुस्तकातलं वाटतं, सिस्टर म्हणाल्या. माझं पोट कुठे कुणी कापलंय?

"आणि येत्या शनिवारी खोली रिकामी राहिली, तर त्यानंतर ती दुसऱ्यांना देणार आहेत," त्या म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही तुमचा तिसरा दिवस विसरलात का?"

मास्तर विसरले नव्हते. सिस्टर गेल्यावर त्यांनी मशीन चालवायला घेतली आणि गणवेशाच्या बाहीला खिसा शिवला. बायकोने तो बघितला, कात्री पुढे केली आणि काय झालं ते विचारलं. तेव्हा मास्तरांनी सगळं सांगितलं, म्हणजे कुणाचंही नाव न घेता, कोट, गणवेश आणि जाकीट असं म्हणून. बायको दुकानातच बसत असल्यामुळे तिला ते तिन्ही आधीपासून माहीत होते. त्या बाईंसाठी सगळ्यांना तिथे नेलं पाहिजे, पण नेऊ कसं, मास्तर म्हणाले. एकमेकांचं कळलं तर सगळे सुटतील, आणि मला तर सांगता येत नाही.

"दुसऱ्यांचं माप सांगू नका," बायको म्हणाली. "स्वतःचं सांगा की. ते सांगायला कुणाची परवानगी हवीय?"

आणि तिने फळीवरून बिस्किटांचा डबा काढून टेबलावर ठेवला.

मास्तरांनी दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. बाजूची शिवण उसवायची, कापलेली पट्टी मधे बसवायची, पुन्हा शिवायची. अशा मधे घातलेल्या पट्टीला शिंपी कळी म्हणतात. कोटाला कळी, गणवेशाला कळी, जाकिटाला कळी. शेवटी स्वतःच्या पँटला, अगदी मागे मधोमध. काम झाल्यावर त्यांनी पँट आरशासमोर धरली आणि कपाळाला हात लावला. पँट एवढे महिने धुऊन, उन्हात वाळून फिकी राखाडी झाली होती. पट्टी डब्यात बसून होती, ती नवीकोरी गडद. पाठीमागे काळ्या खडूने रेघ मारल्यासारखी ती कळी दहा पावलांवरून दिसत होती. दुसरं कापड लावता आलं असतं. मास्तरांनी विचार केला आणि ते तसंच ठेवलं.

मग तिघांना निरोप गेले. कपडा तयार आहे, पण शनिवारी दुकान बंद. मला हॉस्पिटलात काम आहे, तिसऱ्या मजल्यावर चार वाजता येऊन घेऊन जा, पाच मिनिटांचं काम. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

बुधवारी ते ग्रंथालयात गेले. ग्रंथपालबाई टेबलामागे बसल्या होत्या. चेहरा ओढलेला, झगा खांद्यावरून उतरायला लागलेला. मास्तरांना न मोजता कळलं, खांद्याला पाऊण इंच. टेबलावर पाण्याची बाटली होती, भरलेली, झाकण न उघडलेली. भिंतीवर शांतता पाळा अशी पाटी होती, त्यामुळे दोघंही कुजबुजत बोलले. मास्तरांनी आपण कोण ते सांगितलं, खिशातून अंगुस्तान काढलं, रुमालाने पुसलं आणि ते कशासाठी वापरायचं ते दाखवलं. बाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं.

"मागच्या वेळी तुम्ही का नव्हतात?" त्यांनी विचारलं. कुजबुजत विचारलेलाही तो प्रश्न जोरात ऐकू आला.

"शनिवारी सांगतो," मास्तर म्हणाले. "चार वाजता. दुसरं कुणी नसलं तरी मी आहे."

बाईंनी येईन म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण ग्रंथालयातून काहीही नोंद केल्याशिवाय हलत नसे आणि आतही येत नसे. त्यांनी सवयीने एक कार्ड घेतलं, वस्तूच्या रकान्यात "अंगुस्तान, पितळी, एक" लिहिलं, पंधरा दिवसांनंतरच्या परतीच्या तारखेचा शिक्का मारला आणि मास्तरांची सही घेतली. मास्तर दारापाशी पोचले तेव्हा मागे बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज झाला. त्यांनी वळून बघितलं नाही.

शनिवारी पावणेचारला मास्तर खोलीत होते. सिस्टरने खुर्च्या गोल मांडल्या होत्या. चारला पाच कमी असताना ग्रंथपालबाई आल्या आणि दारालगतच्या खुर्चीवर बसल्या, कधीही उठून जाता यावं अशा. मास्तर मात्र भिंतीला पाठ लावून उभे होते. चार वाजले. चार वाजून चार मिनिटं झाली. बाईंनी पर्स मांडीवर घेतली.

लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज झाला. बेकरीवाला बाहेर आला, त्याच्यामागून पोस्टातल्या बाई, आणि दोघांना वर आणणारा लिफ्टमन. तिघांनीही येताना लिफ्टमधल्या आकड्यांकडे बघितलं असावं, एकमेकांकडे नव्हे, कारण दारात तिघेही एकदम थबकले. मी फक्त पाच मिनिटांसाठी आलोय, बेकरीवाला म्हणाला. मीही, पोस्टातल्या बाई म्हणाल्या. लिफ्टमनला तर लगेच खाली जायचं होतं.

टेबलावर कागदात बांधलेले तीन पुडे होते. तिघांची नजर पुड्यांवर गेली आणि तिथून छताकडे गेली.

"पुडे मिळतील," मास्तर म्हणाले. "आधी माझं ऐका. मी मागच्या वेळी आलो नाही, कारण मला लाज वाटत होती."

आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी सदरा वर केला.

फिक्या पँटवरची ती गडद पट्टी सगळ्यांसमोर होती. मास्तरांनी भिंतीकडे बघतच सांगितलं की साडेतीन किलो वाढलंय, औषधाच्या दुकानात तीन किलो सहाशे, मशीनवर बसून चहाबरोबर दोन बिस्किटं खायची सवय लागलीय, मग दोनाची चार झाली, आणि माया कापायला नको होती, ते वडिलांना आधीच कळत होतं.

मग मागून बेकरीवाल्याचा आवाज आला. "मास्तर, माझी कळी कुठल्या रंगाची आहे?"

"तुझा कोट पांढराच," मास्तर म्हणाले. "तू वाचलास."

पहिल्यांदा हसल्या त्या ग्रंथपालबाई. पोटावरच्या टाक्यांच्या जागेवर हात दाबून धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग कुणालाच आवरेना. बेकरीवाल्याने पुडा फोडून कोट अंगात चढवला आणि चार किलो, असं जाहीर केलं. क्रीमची चव घ्यायला चमचा लहानच वापरत होतो, पण दिवसातून कितीदा ते मोजलं नाही. पोस्टातल्या बाईंचे तीन. घरोघरी सरबत पुढे येतं, आणि प्यायलेलं मोजायचं नसतं अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. लिफ्टमनचे पाच. त्याला सगळ्यांत जड गेलं, कारण तो सगळ्यांत जुना. ज्याला बघून लोक ऑपरेशनला तयार होतात, त्यानेच वाढवायचं म्हणजे काय, तो म्हणाला.

सिस्टर हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. वर्गात चार मुलांनी एकच चूक लपवली की बाईंचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. वर्ष-दोन वर्षांनंतर अंग स्थिरावताना थोडं वजन बऱ्याच जणांचं परत येतं, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्या म्हणाल्या. घाबरायचं कारण नाही, दुर्लक्ष करायचंही नाही. सोमवारी चौघांनी आहाराच्या बाईंना भेटायचं, एकत्र. आणि पुढच्या वेळी आधी मला सांगायचं, शिंप्याला नंतर.

"तुम्ही शिक्षा एकत्र देता ते बरं," पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

ग्रंथपालबाईंनी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची दारापासून ओढून गोलात आणली. केस गळतात ते खरं का, आणि केव्हा थांबतात, असं त्यांनी विचारलं. पोस्टातल्या बाईंनी पिशवीतून जुना फोटो काढला. बेकरीवाल्याने चमच्यांचा विनोद केला. सगळे हसले. लिफ्टमनने खाली घंटा वाजत असूनही खुर्ची सोडली नाही. आणि बाईंनी पर्समधून अंगुस्तान काढलं, बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि बोलता बोलता पिऊन टाकलं. तासाभरात बाटली निम्मी झाली. सिस्टरने ते बघितलं आणि खोलीच्या वहीत पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार लिहून ठेवला.

बाई चार महिन्यांनी झगा आत घ्यायला दुकानात आल्या. मास्तर त्यांच्या पायाशी उकिडवे बसले, घेराची उंची मोजली आणि टेप तोंडात धरून उठले. स्टुलावरची रिळं हलली नाहीत. आत किती कापड ठेवणार, असं बाईंनी विचारलं.

"तीन बोटं," मास्तर म्हणाले.

"सगळे दोन म्हणतात."

"माझ्याकडे आता तीनच."

बायको मशीनमागून म्हणाली, ह्यांचं एक बोट स्वतःसाठी असतं.

अंगुस्तान बाईंनी ठरल्या तारखेला परत केलं होतं. एक दिवसही उशीर नाही. पण ते कार्ड त्यांनी बंद केलं नाही. आता ते अंगुस्तानाबरोबरच फिरतं, प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात. पहिली सही मास्तरांची, दुसरी बाईंची. परवा लिफ्टमनने त्यावर तिसरी घेतली. दुसऱ्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेले एक गायनशिक्षक आहेत, त्यांची. हे परत कधी करायचं, असं त्यांनी विचारलं. तारीख शिक्क्यात आहे, लिफ्टमनने सांगितलं, आणि जागा तिसरा मजला.